स्वातंत्र्याची जबाबदारी

स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार व्यक्तीला किंवा राष्ट्राला मिळाला, की त्या निर्णयांच्या परिणामांना उत्तर देणेही त्यांच्याच वाट्याला येते. या उत्तरदायित्वाला स्वातंत्र्याची जबाबदारी म्हणतात. राज्यशास्त्रात तिचा विचार हक्क आणि कर्तव्ये या जोडीने होतो. मात्र नुसत्या व्याख्येतून ती उलगडत नाही. सोलापूरच्या इतिहासातून ती चांगली कळते : या शहराने १९४७ च्या सतरा वर्षे आधी काही दिवस परकीय सत्तेवाचून काढले, आणि देश स्वतंत्र झाला त्या दिवशी याच शहरातली एक वस्ती तारेच्या कुंपणात होती.

६ एप्रिल १९३० रोजी, दांडीच्या सत्याग्रहाच्या दिवशीच, सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर चरख्याचा राष्ट्रध्वज चढला. महिन्याभरात गांधीजींना अटक झाली. ती बातमी येताच गिरण्या थांबल्या, कामगार रस्त्यावर उतरले, सरकारला दारूचे उत्पन्न मिळवून देणारी शिंदीची झाडे तोडली गेली. ८ मे रोजी पोलिसांनी केलेल्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण ठार झाला. जमाव बिथरला, न्यायालयाची इमारत पेटवण्यात आली, पोलीसही मारले गेले. त्यानंतर पोलीस शहरातून निघून गेले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा लागू होईपर्यंत सोलापुरात सरकार असे उरलेच नाही.

स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणींत या दिवसांचा अभिमानाने उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. पण सर्वांत मोलाची गोष्ट त्या अभिमानात झाकली जाते. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी चौकाचौकांत उभे राहून रहदारी सांभाळली, शहरात शांतता राखण्याचे काम अंगावर घेतले. कालपर्यंत कायदा मोडणे हे ज्यांचे व्रत होते, त्यांनाच आज व्यवस्था लावावी लागली. सत्ता हटवण्याचे धैर्य आणि तिच्या जागी उभे राहण्याचे धैर्य ही दोन वेगळी धैर्ये आहेत. सोलापूरकरांना ती एकाच आठवड्यात दाखवावी लागली. हिंसेचा डाग त्या आठवड्यावर आहे आणि प्रामाणिक नोंदीने तो लपवू नये.

‘मार्शल लॉ’ जूनअखेरपर्यंत चालला. त्या काळात राष्ट्रध्वज बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या गिरणगावात चौघांची नावे आजही एका दमात घेतली जातात. स्वातंत्र्य कोणा एका जातीधर्माचे नाही, हे येथे वेगळे शिकवावे लागत नाही.

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या संकल्पनेचे मर्म नेमके सांगितले. यापुढे काही बिघडले तर दोष इंग्रजांवर ढकलता येणार नाही, तो आपलाच असेल, असे त्यांनी बजावले. संवैधानिक मार्ग उपलब्ध असताना रस्त्यावरचे मार्ग सोडून द्यावेत, हेही त्यांनी त्याच भाषणात सांगितले. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदात भाषण, संचार, संघटना ही स्वातंत्र्ये आहेत आणि त्यांवरील वाजवी निर्बंधही तेथेच आहेत. मूलभूत कर्तव्ये मात्र मूळ संविधानात नव्हती. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ५१ क मध्ये दहा कर्तव्ये आली. मुलांच्या शिक्षणाविषयीचे अकरावे २००२ मध्ये जोडले गेले. पहिली दहा आली तेव्हा देशात आणीबाणी होती आणि नागरिकांचे हक्कच गोठवलेले होते. त्यामुळे ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हे वाक्य सत्तेच्या तोंडी आले, की सावध व्हावे. कर्तव्य हे हक्काचे भाडे नव्हे. राष्ट्रगीताला आदराने उभ्या राहणाऱ्या, पण धार्मिक श्रद्धेपोटी ते न गाणाऱ्या केरळमधील तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये अवैध ठरवले, ते याच जाणिवेने.

या विषयाची सर्वांत दुखरी बाजू सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे सुरुवातीला उल्लेख केलेल्या तारेच्या कुंपणातल्या वस्तीत दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबे या वस्तीत ठेवली जात. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, आणि कष्ट करायचे गिरणीत. ज्या गिरण्यांतून १९३० चे आंदोलन उसळले, त्याच गिरण्यांत हे लोकही राबत होते. १५ ऑगस्ट १९४७ ने त्यांची हजेरी थांबवली नाही. देशपातळीवर हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडले. या कायद्यातून सुटलेल्या जमातींना विमुक्त म्हणतात, आणि भटके-विमुक्त समाज आपला मुक्तिदिन म्हणून तोच दिवस पाळतो. राष्ट्र मोकळे झाले म्हणजे त्यातला माणूस मोकळा झाला, असे होत नाही. ते मधले अंतर भरून काढणे ही आधी मोकळ्या झालेल्यांची जबाबदारी असते, आणि नागरिकशास्त्राच्या धड्यांत तिला फारच थोडी जागा मिळते.

कायदा गेला तरी संशय गेला नाही. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला, आणि चोरी झाली की पोलीस आधी आपल्याच पालावर येतात, ही विमुक्तांची तक्रार पुढच्या पिढ्यांतही ऐकू येत राहिली. सोलापुरातल्या त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात.