खुलासा: बँड बसवला म्हणजे जठर कायमचं आक्रसतं का?

सोलापुरात सकाळी सिद्धेश्वर तलावाभोवती फिरतानाही वजन कमी करण्याच्या बँड शस्त्रक्रियेबद्दल एक गोष्ट ऐकू येते, आणि फॉरवर्डमधूनही ती फिरते: "पोटाला बँड बसवला की जठर कायमचं लहान होतं, पुढं काढला तरी वजन वाढत नाही."

असं वाटणं साहजिक आहे, कारण माणूस खरंच कमी जेवतो. पण बँडच्या शस्त्रक्रियेत जठर कापत नाहीत. वरच्या भागाभोवती सिलिकॉनचं कडं बसवतात. वर दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी उरते. कडक भाकरीचा तुकडा नीट न चावता गिळला, तर तिथंच अडकतो. खालचं जठर होतं तेवढंच राहतं. स्लीव्ह या वजन कमी करण्याच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत मात्र जठराचा मोठा भाग कापून काढतात, तो परत येत नाही. बहुधा घोळ इथंच होतो.

बँड काढला की जागा पुन्हा मोकळी होते, भूक परतते आणि वजनही वाढू शकतं. काही वेळा आत जखमेचे वण मात्र राहतात.

वर्षानुवर्षं बँड असेल, तर वरची पिशवी किंवा अन्ननलिका फुगू शकते, कडं सरकू शकतं, क्वचित जठरात रुतू शकतं. वारंवार उलटी, रात्री आंबट पाणी घशाशी येणं, खोकला, हे अंगावर काढू नका.

खात्री करायची तर डिस्चार्ज कार्डावर बँड लिहिलंय की स्लीव्ह, ते आधी पाहा. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं द्रव) पाजून काढलेल्या एक्स-रेत पिशवी आणि कड्याची जागा दिसते, कडं रुतलंय का ते एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत.