पद्मिनीची खूण का नाचते?

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या टॅक्सीतून निवृत्त झाली. हौशी मालकांकडे ती अजून आहे, आणि सिग्नलला थांबली की थरथरते, मिसिंग मारते. अशा वेळी हात आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासल्याशिवाय त्याला हात लावू नये, असं माझं मत.

आयडलिंगला इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाचा 4,800 वा भाग लागतो. चार सिलिंडरमध्ये मिळून सेकंदाला सुमारे 27 ठिणग्या पडतात. प्रत्येकीची वेळ ठरते डिस्ट्रिब्युटरमधल्या (ठिणगी पाळीपाळीने प्लगांना वाटणाऱ्या भागातल्या) पॉइंटवर, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कावर. शाफ्टवरचा कॅम आपल्या उंचवट्याने पॉइंट उघडतो, कॉइलचा प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि 12 व्होल्टच्या गाडीत हजारो व्होल्ट उभे राहतात.

टायमिंग लाइटची क्लिप पहिल्या प्लगच्या वायरीवर लावा. दिवा ठिणगीबरोबर लुकलुकतो, त्यामुळे क्रँकच्या पुलीवरची खूण जागीच थांबल्यासारखी दिसते. (पुली फिरतच असते, बाह्या आणि बोटं लांब ठेवा!) खूण स्थिर पण भलत्या जागी असेल, तर डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून भागतं. खरा प्रश्न ती नाचत असेल तेव्हा.

जुन्या गाडीत माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या बुशवर, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीवर. ते झिजलं की शाफ्ट आडवा डुलतो आणि पॉइंटचा गॅप दर ठिणगीला बदलतो. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, कमी झाला की उशिरा. शिवाय डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथली एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. कॅप काढा, रोटरखालचा शाफ्ट चिमटीत धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर नवे पॉइंट घालून उपयोग नाही, आधी बुश बदला.

आता क्लिप चौथ्या प्लगवर लावून बघा. एक आणि चार नंबरचे पिस्टन एकत्रच वर येतात, त्यामुळे खूण त्याच जागी दिसायला हवी. दोन्हीकडे स्थिर, पण जागा वेगळ्या असतील, तर कॅमच असमान झिजलाय किंवा शाफ्ट वाकलाय.

सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की वजनं बाहेर सरकून ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा सैल पडल्या की मात्र वेगळीच गंमत होते. वजनं आयडलिंगलाच बाहेर सरकतात, ठिणगी लवकर पडते, त्याने फेरे वाढतात, मग वजनं आणखी सरकतात. फेरे उतरले की सगळं उलट. इंजिन एकाच लयीत चढउतार करतं, आणि हा दोष हमखास कार्ब्युरेटरच्या माथी मारला जातो. टायमिंग चेन ढिली असेल तरी खूण हलते, पण ती बहुधा खळखळून स्वतःच सांगते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं की घासणारी टाच आणि जळणारे संपर्क जातात. पण सेन्सरपुढचं चुंबक त्याच जुन्या शाफ्टवर फिरतं आणि स्प्रिंगाही त्याच राहतात.