कागद फुटतो पीएकडून, जातो कोण?

शपथविधीला मंत्री दोन शपथा घेतो, पदाची आणि गोपनीयतेची. मंत्री म्हणून कळलेली बाब कुणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कळवणार नाही, असं दुसरीत असतं. यशवंतराव, वसंतदादांपासून इतके मंत्री दिलेल्या सातारा-सांगलीला हे शब्द एव्हाना पाठ असावेत. पण साहेबांची फाइल हाताळणारा, टिपणं टाइप करणारा पीए ही शपथ घेत नाही. त्याला सेवानियम आणि १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम. त्याच्याकडून गुपित फुटलं तर जाब कुणाला विचारायचा?

तत्त्व तरी १९५८ मध्येच ठरलं होतं. विषय गुपिताचा नव्हता, आयुर्विमा महामंडळाच्या पैशाचा होता. तो मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतवल्याच्या प्रकरणात चौकशी करणाऱ्या न्या. छागला यांनी सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावर ठेवली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले.

खरी कसोटी लागली जानेवारी १९८५ मध्ये. कुमार नारायण हा दिल्लीतल्या एका खासगी कंपनीचा माणूस सरकारी कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांकडून गोपनीय कागदांच्या झेरॉक्स मिळवून परदेशी वकिलातींना विकत होता. पकडलेल्यांत पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्या कार्यालयातले कर्मचारीही होते. अलेक्झांडर यांचा स्वतःचा हात नव्हता, तरी त्यांनी राजीनामा दिला. राजीव गांधी नुकतेच पंतप्रधान झाले होते. झळ त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. म्हणजे छागलांचं तत्त्व वर चढण्याऐवजी सचिवाच्या खुर्चीपाशीच थांबलं. अलेक्झांडर पुढे लंडनला उच्चायुक्त झाले आणि १९९३ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल. खटल्याचा निकाल २००२ मध्ये लागला, तोवर मुख्य आरोपी मरूनही गेला होता.

अमेरिकेत तर एवढंही घडलं नाही. २००३ मध्ये व्हॅलरी प्लेम या सीआयए अधिकाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात फुटलं. उपाध्यक्ष डिक चेनी यांचे चीफ ऑफ स्टाफ स्कूटर लिबी २००७ मध्ये दोषी ठरले, पण नाव फोडल्याबद्दल नव्हे, तपासात खोटं बोलल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल. तुरुंगवास बुश यांनी माफ केला, २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पूर्ण माफी दिली. चेनी मुदत संपेपर्यंत पदावर होते.

आपल्याकडे नैतिक जबाबदारी म्हटलं की तासगावचे आर. आर. आबा आठवतात. २६/११ नंतर त्यांनी उपमुख्यमंत्रिपद सोडलं. पण तो हल्ला होता, लोक रस्त्यावर उतरले होते. कागद फुटल्यावर कोण रस्त्यावर येतो?

उलटं उदाहरणही याच भागातलं, कराडच्या यशवंतरावांचं. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल यशवंतरावांनी संरक्षणमंत्री म्हणून संसदेपुढे ठेवला नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये फक्त त्याचा सारांश सांगितला. पुढच्या सरकारांनीही तो कुलपातच ठेवला. अखेर २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. त्यावरून दिल्लीत एकही राजीनामा पडला नाही.