बॉर्डर कॉलीला नुसतं पळवून भागत नाही
"बॉर्डर कॉली ना, रोज दोन तास पळवा, दमून गप पडेल" असं जो तो सांगतो आणि ते साफ चूक आहे. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या डोंगरांत दिवसभर मेंढ्या वळणारं हे कुत्रं, नुसतं पळवलंत तर स्टॅमिना वाढतो फक्त, डोकं रिकामंच राहतं. ही जात घडली ती कामाच्या अकलेवर, मान खाली घालून दबा धरायचा, नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवायच्या आणि शिट्टी झाली की जागच्या जागी थांबायचं. चेसर नावाच्या कॉलीला तर १०२२ खेळण्यांची नावं येत होती! मेंढ्या नसल्या की तीच नजर सायकलींवर, पळणाऱ्या पोरांवर जाते, त्यासाठी मारू नका प्लीज. लपवलेल्या वस्तू वासाने शोधायला लावा, नवीन कमांड शिकवा, आणि शांत पडून राहायलाही शिकवा, तेही बऱ्याच कॉलींना शिकवावंच लागतं.