मल्टीक्लासिंग

मल्टीक्लासिंग : टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत एकाच पात्राला दोन किंवा अधिक क्लासची कौशल्ये घेऊ देणारे नियम. क्लास म्हणजे पात्राचा पेशा. फायटर (लढवय्या), विझार्ड (जादूगार), क्लेरिक (दैवी मंत्र टाकणारा पुजारी), ड्रुइड (निसर्गपूजक) ही त्याची नेहमीची उदाहरणे. पात्र एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळवत लेव्हल चढते आणि प्रत्येक लेव्हलला त्या क्लासचे काही नवे त्याच्या पदरात पडते. तलवार चालवणाऱ्याला मंत्रही यावेत असे खेळाडूला वाटणारच. त्या हौसेची किंमत किती आणि ती कधी वसूल करायची, एवढाच या नियमांचा प्रश्न आहे. पण ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला तो पन्नास वर्षांत पुरता सुटलेला नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या मूळ खेळात ही मुभा मुख्यतः एल्फ या मानवेतर वंशाच्या पात्राला होती : प्रत्येक मोहिमेआधी त्याने लढवय्या व्हायचे की जादूगार ते ठरवावे. 1978 च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीत दोन वेगळ्या वाटा आल्या. मानवेतर पात्रे सुरुवातीपासूनच दोन-तीन क्लास एकत्र घेत आणि मिळालेला एक्सपी त्यांत समान वाटला जाई. माणसाला मात्र जुना क्लास सोडून नवा धरावा लागे. त्यासाठी जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (ताकद, बुद्धी अशा फाशांनी ठरणाऱ्या आकड्यांपैकी त्या क्लासला सर्वांत लागणाऱ्या आकड्यात) किमान 15 आणि नव्याच्या मुख्य गुणात 17 हवेत. शिवाय नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुने कौशल्य वापरले, तर त्या प्रसंगाचा एक्सपी बुडाला. फाशांवर इतके गुण क्वचितच पडतात, त्यामुळे ही वाट बहुतेकांसाठी कागदावरच राहिली असावी.

समान वाटणी ऐकायला जबर वाटते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी 2,000, तिसरीसाठी 4,000, चौथीसाठी 8,000 असा जवळजवळ दुपटीने वाढणारा एक्सपी लागतो. 64,000 एक्सपी असलेला निव्वळ फायटर सातव्या लेव्हलवर असतो. तोच एक्सपी फायटर आणि मेज (जादूगार) यांत वाटला, तर पात्र सहाव्या लेव्हलचा फायटर असते आणि पाचव्या लेव्हलचा मेजही. एका लेव्हलच्या मोबदल्यात अख्खा दुसरा क्लास! या स्वस्ताईवर उतारा म्हणून मानवेतरांच्या लेव्हलना वरची मर्यादा घातली होती. पण जे कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारा सलग खेळ) त्या उंचीपर्यंत पोचतच नाही, तिथे ही किंमत कोणीच भरत नाही. त्यामानाने 1981 च्या ‘बेसिक’ संचातला तोडगा सरळ होता. तिथे एल्फ हाच एक क्लास, लढणारा आणि मंत्र टाकणाराही. दुसऱ्या लेव्हलला फायटरला 2,000 एक्सपी लागत, जादूगाराला 2,500 आणि एल्फला 4,000. किंमत पहिल्या दिवसापासून तक्त्यात छापलेली.

2000 साली तिसऱ्या आवृत्तीने चित्र पालटले. सगळ्या क्लासना एकच एक्सपी तक्ता मिळाला आणि प्रत्येक नवी लेव्हल हवी त्या क्लासमध्ये घेण्याची मोकळीक आली. कल्पना देखणी, पण तिच्या पोटात एक गृहीतक होते : कोणत्याही क्लासची कोणतीही लेव्हल दुसऱ्या कोणत्याही लेव्हलइतक्याच मोलाची आहे. तसे नव्हते. क्लेरिक, ड्रुइड आणि मंक यांची एकेक लेव्हल घेतलेल्या पात्राचा फोर्टिट्यूड सेव्ह (विष, आजार अशा आघातांतून वाचण्याच्या फेकीवरचा बोनस) +6 होतो, कारण ‘चांगला’ सेव्ह प्रत्येक क्लासमध्ये +2 ने सुरू होतो आणि या आकड्यांची बेरीज होते. तिसऱ्या लेव्हलच्या निव्वळ क्लेरिकला तोच +3 असतो. उलट हल्ल्याचा बोनस या तिन्ही क्लासमध्ये पहिल्या लेव्हलला शून्य, म्हणून मिश्र पात्राकडे शून्य आणि निव्वळ क्लेरिककडे +2. हल्ल्याच्या बोनसमधला घोळ पूर्णांकांच्या बेरजेचा होता, सेव्हमधला मात्र सुरुवातीचा +2 प्रत्येक क्लासमध्ये नव्याने मिळण्याचा. 2004 मध्ये अपूर्णांक धरून बेरीज करण्याचा ऐच्छिक नियम आला. हल्ल्याच्या बोनसपुरता तो या आवृत्तीतल्या सर्वांत शहाण्या दुरुस्त्यांपैकी एक म्हणावा लागेल.

क्लासची सगळी मलई पहिल्याच लेव्हलला असणे, ही दुसरी अडचण. रेंजरला पहिल्या लेव्हललाच दोन्ही हातांनी लढण्याचे कौशल्य फुकट मिळे. साहजिकच इतर क्लासचे खेळाडू तिथे एक लेव्हल डोकावून परत येत; खेळाडूंच्या बोलीत याला ‘डिप’ म्हणतात. 2003 च्या सुधारित नियमांत ते कौशल्य दुसऱ्या लेव्हलवर सरकवले. क्लासच्या लेव्हलांत एकाहून अधिक अंतर पडले, तर एक्सपीत 20 टक्के कपात होती. पात्राच्या वंशाचा आवडता क्लास त्यातून वगळला जाई. ही शिक्षा डिप रोखण्यापेक्षा नोंदी ठेवणाऱ्यालाच जास्त जाचली.

मंत्र टाकणाऱ्यांचे दुखणे याच्या उलट होते. विझार्ड आणि क्लेरिक यांच्या पाच-पाच लेव्हल घेतलेल्याला दोन्हीकडचे तिसऱ्या दर्जाचे मंत्र येत. दहाव्या लेव्हलचा निव्वळ विझार्ड पाचव्या दर्जाचे टाकत असे. हे भरून काढायला ‘मिस्टिक थिअर्ज’ हा खास क्लास काढावा लागला. मुख्य नियमाला ठिगळ लावायला स्वतंत्र क्लास लागतो, म्हणजे मुख्य नियमातच खोट आहे. 2014 च्या पाचव्या आवृत्तीने निम्मा उपाय केला : मंत्रांचे स्लॉट (मंत्र टाकण्यासाठी खर्चायच्या जागा) एकत्रित लेव्हलवर मिळतात, मंत्र मात्र त्या-त्या क्लासच्या लेव्हलनुसारच शिकता येतात. म्हणून त्या पाच-पाचवाल्याकडे पाचव्या दर्जाचे स्लॉट असतात, पण त्यांत तिसऱ्या दर्जाचेच मंत्र घालावे लागतात. प्रॉफिशियन्सी बोनस (पात्राला येणाऱ्या कामांतल्या फेकीवरची भर) एकूण लेव्हलवर ठरतो. नव्या आणि जुन्या दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात 13 हवेत. जादा हल्ला दोन क्लासमधून मिळाला तरी त्याची बेरीज होत नाही. तिसऱ्या आवृत्तीचा धडा इथे गिरवलेला दिसतो.

मधली चौथी आवृत्ती, 2008 ची, सावध होती. पात्र एकाच क्लासचे, आणि दुसऱ्याची चव फीट (लेव्हल चढताना निवडायचे जादा कौशल्य) खर्चून घ्यायची. पण दुसऱ्या क्लासची पॉवर (ठराविक हल्ला वा मंत्र) घेताना स्वतःचीही एक सोडावी लागे, म्हणजे एका वस्तूचे दाम दोनदा. ‘पाथफाइंडर’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वरून निघालेल्या खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने हाच मार्ग अधिक नीट बांधला. तिथे क्लासच्या फीटऐवजी दुसऱ्या क्लासचे डेडिकेशन (त्या क्लासचे दार उघडणारे पहिले फीट) घेता येते आणि त्यातले आणखी दोन फीट घेतल्याशिवाय तिसऱ्या क्लासचे दार उघडत नाही. मूळ क्लासची चढण अडत नाही, म्हणून पात्र मागे पडत नाही.

पाचव्या आवृत्तीत डिपचे ठळक उदाहरण म्हणजे 2017 मध्ये आलेला वॉरलॉक या मंत्र टाकणाऱ्या क्लासचा हेक्सब्लेड उपक्लास. तो पहिल्याच लेव्हलला मिळे आणि त्यामुळे एका शस्त्राने लढताना ताकदीऐवजी करिश्मा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा गुण) वापरता येई. करिश्म्यावरच मंत्र टाकणाऱ्या पॅलाडिनला (पवित्र योद्ध्याला) आणखी काय हवे? 2024 च्या सुधारित नियमांत सगळे उपक्लास तिसऱ्या लेव्हलवर नेले. डिप करणाऱ्याला आता तीन लेव्हल मोजाव्या लागतील असे वाटले असते. पण करिश्म्याने शस्त्र चालवण्याची सोय ‘पॅक्ट ऑफ द ब्लेड’ या इन्व्होकेशनमध्ये (वॉरलॉकने निवडायच्या खास विद्येत) गेली आणि तो वॉरलॉकला पहिल्या लेव्हललाच घेता येतो.