ड्यूई दशांश वर्गीकरण

ग्रंथालयातील पुस्तके विषयवार लावण्याची जगभर रूढ असलेली पद्धत. अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) यांनी ती १८७६ मध्ये ४४ पानांच्या पुस्तिकेत, स्वतःचे नाव न घालता, प्रसिद्ध केली. तोवर बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे कपाटातील ठरलेली जागा असे. मध्येच नवे पुस्तक आले की पंचाईत. ड्यूईंनी क्रमांक जागेऐवजी विषयाला दिला. कपाटे बदलली तरी पुस्तकांचा आपसातला क्रम मोडत नाही.

ज्ञानाचे ००० ते ९०० असे दहा मुख्य वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा उपविभाग. पुढे दशांशचिन्ह देऊन हवे तितके खोल जाता येते: ६०० तंत्रविद्या, ६४१ खाद्यपेये, ६४१.५ पाककला. संगणक फार उशिरा आला, म्हणून त्याची सोय ००४ ते ००६ मध्ये करावी लागली.

आराखड्यात त्याच्या कर्त्याचे जग उघड दिसते. साहित्याच्या ८०० मध्ये अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा वाङ्मयांना स्वतंत्र विभाग आहेत. उरलेल्या जगाची बोळवण ८९० मध्ये. मराठी साहित्य त्यामुळे ८९१.४६ वर येते आणि मराठी कादंबरीला ८९१.४६३ असा लांबलचक वर्गांक पडतो. धर्माच्या २०० मध्येही तोच प्रकार: २२० ते २८० बायबल व ख्रिस्ती धर्म, हिंदू धर्म २९४.५ वर. स्थानिक भाषेच्या साहित्याला ८१० देण्याची मुभा आहे, पण मग इतर ग्रंथालयांशी क्रमांक जुळत नाहीत.

खरी कसोटी लागते ती एकाच पुस्तकाला दोन घरे असतात तेव्हा. ज्ञानेश्वरी गीतेवरील टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये बसते, मराठी काव्य म्हणून ८९१.४६१ मध्ये, दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. प्रत मात्र एकाच फळीवर राहणार. दुसऱ्या वाटेने येणाऱ्या वाचकासाठी तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, जादा नोंद करावी लागते, आणि ती केली नाही तर ग्रंथ असूनही सापडत नाही.

तयार वर्गांकांची ही चौकट भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांना अपुरी वाटली. १९३३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू वेगळे काढून, चिन्हांनी जोडून वर्गांक तयार केला जातो. भारतातील ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांत त्याला मानाचे स्थान आहे. कपाटांवर मात्र जास्त करून ड्यूईच दिसतो.