कॉग्निटिव्ह अर्गोनॉमिक्सच्या जर्नलला पेपर पाठवताना: पात्रता, कागदपत्रं आणि हमखास अडणाऱ्या जागा

"डेटा घेऊन झालाय, पेपर लिहून झालाय, फक्त ते एथिक्सचं पत्र तेवढं कुठून मिळेल?" एम.टेक. आणि पीएच.डी.ची मुलं दर वर्षी हा प्रश्न घेऊन येतात. दर वर्षी उत्तर तेच असतं: आता कुठूनच मिळणार नाही, कारण माणसांवरच्या प्रयोगाची ती मान्यता आधी घ्यायची असते. त्यामुळे ज्यांच्या प्रयोगाला अजून पहिला माणूसही बसलेला नाही, त्यांनी हे सगळ्यात आधी वाचावं.

पात्रतेचं थोडक्यात. पदवीची किंवा वयाची अट नसते. गाइडचं नाव असलंच पाहिजे असं नाही. उलट ज्यांनी काम केलेलं नाही त्यांचं नाव घालणं हा गैरप्रकार धरतात, मग ते विभागप्रमुख का असेनात. पेपर एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचा. लेखकाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, बऱ्याच ठिकाणी मागतात. तो फुकट आहे आणि पाच मिनिटांत निघतो.

विषयाच्या कक्षेत न बसल्यामुळे परत येणारे पेपर मात्र खूप. अर्गोनॉमिक्स म्हणजे माणूस आणि त्याचं काम यांचा मेळ घालणारं शास्त्र. आंतरराष्ट्रीय अर्गोनॉमिक्स संघटना त्याचे तीन भाग पाडते: शारीरिक, बोधात्मक (कॉग्निटिव्ह) आणि संघटनात्मक. लेथवर वाकलेल्या कामगाराचा रुला स्कोअर, म्हणजे शरीराच्या ठेवणीमुळे येणाऱ्या ताणाचा आकडा, काढलात, तर तो शारीरिक भागातला अभ्यास झाला. बोधात्मक भाग म्हणजे लक्ष, स्मरण, निर्णय, मानसिक भार आणि चुका. दुसरा नेहमीचा प्रकार: इंटरनेटवरचा तयार डेटासेट घ्यायचा, चालकाची झोप ओळखणारं मॉडेल चालवायचं आणि अचूकतेचे टक्के कळवायचे. संपादक विचारतो, यात काम करणारा माणूस कुठे आहे? या विषयाची नेहमीची जर्नलं म्हणजे 'अर्गोनॉमिक्स', 'ह्यूमन फॅक्टर्स', 'अप्लाइड अर्गोनॉमिक्स' आणि 'कॉग्निशन, टेक्नॉलॉजी अँड वर्क'. पाठवण्याआधी निवडलेल्या जर्नलचे गेल्या वर्षाचे दहा पेपर तरी चाळा. हॉस्टेलवरच्या वीस मित्रांना बसवून त्यांना 'कंट्रोल रूम ऑपरेटर' म्हटलेलं तिथे चालत नाही, हे आपोआप कळेल.

आता ते पत्र. माणसांवर प्रश्नावली, सिम्युलेटर, डोळ्यांच्या हालचालींची नोंद, काहीही करणार असाल तर एथिक्स कमिटीची मान्यता लागते, आणि ती डेटा घेण्याआधीच्या तारखेची लागते. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आधाराला धरतात. त्यानुसार समितीत सात ते पंधरा सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, आणि एक सदस्य या क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूस असावा. प्राचार्य अध्यक्ष, दोन विभागप्रमुख सदस्य आणि लेटरहेडवर चार ओळी, याला समिती म्हणत नाहीत. तरी अशी पत्रं जोडली जातात आणि समितीत कोण आहे अशी विचारणा आली की सगळ्यांची धावपळ होते.

अभियांत्रिकी आणि डिझाइनच्या पुष्कळ कॉलेजांत अशी समिती नसतेच. त्यावर वाट आहे. दुसऱ्या संस्थेशी लेखी करार करून तिच्या समितीकडून तपासणी करून घेता येते. जवळच्या मेडिकल कॉलेजात विचारा. बैठका रोज होत नाहीत, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. "आमची नुसती प्रश्नावली आहे, धोका काही नाही, मान्यता कशाला?" असंही ऐकू येतं. धोका नगण्य असेल तर सूट मिळते किंवा झटपट तपासणी होते, हे खरं. पण सूट द्यायची की नाही हे समिती ठरवते, तुम्ही नाही. त्या सुटीचंही पत्र लागतं. मागची तारीख टाकून घ्यायच्या फंदात मात्र पडू नका. पेपर छापून आल्यावरही मागे घेतला जाऊ शकतो.

याच फाइलमध्ये संमतिपत्र असतं. एसटी चालकांवर अभ्यास करत असाल तर माहितीपत्रक त्यांना कळेल अशा मराठीत हवं. डेपो मॅनेजरची परवानगी आणि चालकाची संमती हे दोन वेगळे कागद आहेत. साहेबांनी सांगितलं म्हणून सह्या केल्या, तर ती संमती नव्हे.

भाषांतराचंही तेच. मानसिक भार मोजायला सगळे नासा-टीएलएक्स नावाची प्रश्नावली वापरतात. त्यात सहा मोजपट्ट्या आहेत, आणि त्यातल्या 'फ्रस्ट्रेशन'ला मराठीत काय म्हणणार? निराशा, चिडचिड की वैताग? प्रत्येक शब्दाला उत्तर वेगळं येईल. मराठी केलंत, मग ते दुसऱ्या माणसाकडून परत इंग्रजीत करून मूळाशी ताडलंत, हे पेपरमध्ये लिहा. आणि 'परफॉर्मन्स'ची पट्टी सांभाळा. तिथे डावं टोक चांगल्या कामगिरीचं आणि उजवं वाईट. चालक सवयीने उलटं भरतात आणि मुलं तसंच बेरजेत धरतात.

बाकी फाइली सरळ आहेत: कव्हर लेटर, लेखकांची नावं असलेलं स्वतंत्र पान, हितसंबंधांचं निवेदन, एआय वापरलं असेल तर त्याची कबुली. जर्नल नावं झाकून परीक्षण करत असेल, तर मजकुरातून कॉलेजचं नाव आणि आभारही काढा. सारांशाचा साचा प्रत्येकाचा वेगळा. 'ह्यूमन फॅक्टर्स'ला उद्देशापासून उपयोगापर्यंत ठरलेल्या शीर्षकांखाली लागतो, 'अर्गोनॉमिक्स'ला व्यावसायिकांसाठी छोटं टिपण वेगळं लागतं.

फाइली चढवल्या म्हणजे पेपर गेला असं नाही. एडिटोरियल मॅनेजरसारख्या प्रणालीत सगळ्याची एक पीडीएफ तयार होते, ती उघडून पाहून 'अप्रूव्ह' दाबावं लागतं. तोवर पेपर तुमच्याच खात्यात पडून राहतो. एक मुलगी चार महिने संपादकाच्या उत्तराची वाट पाहत होती. खातं उघडलं तर पेपर तिच्याच मंजुरीसाठी थांबलेला.

पैशांबद्दल. वर नाव घेतलेल्या जर्नलांत नेहमीच्या वर्गणीच्या मार्गाने पेपर छापायला शुल्क नाही. स्वीकृतीनंतरच्या फॉर्मवर 'ओपन ॲक्सेस'ची (वाचकांना फुकट, खर्च लेखकाचा) खूण चुकून केली तरच मोठं बिल येतं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही सरकारी योजना मुख्यतः जर्नलं वाचण्यासाठी आहे. त्यामुळे ओपन ॲक्सेसचं बिल आपोआप माफ होईल असं धरून चालू नका. पाच दिवसांत छापतो, अमुक हजार भरा, असा मेल आला तर तो थेट डिलीट करा. "यूजीसी-केअरमध्ये आहे" ही बतावणीही ऐकू नका, यूजीसीने मान्य जर्नलांची ती यादी २०२५मध्ये बंद केली. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही यूजीसीच्या २०२२च्या नियमांत उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, तेवढं लेखी विचारून घ्या.

शेवटी तारखा. सुधारणांसाठी मिळालेले, समजा, साठ दिवस संपादकाच्या मेलच्या तारखेपासून मोजतात, गाइडने मेल वाचल्यापासून नाही. मुदत उलटली की लिंक बंद होऊ शकते आणि पेपर नव्याने दाखल करावा लागतो. वाढीव मुदत बहुतेक वेळा मिळते, पण ती आधी मागितली तर. प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, आलं की हातात जेमतेम दोन-तीन दिवस असतात, आणि ते ऐन दिवाळीतही येतं. त्या आठवड्यात स्पॅम फोल्डर रोज बघा.